दिशा वाचून दाखवा

माझ्या सुनेच्या साहेबाचं नाव मी तोंडाने घेत नाही. घरात आम्ही त्याला मखमल म्हणतो, कारण त्याचा आवाज तसा आहे. फोनवर नुसतं "नमस्कार" म्हणाला तरी समोरचा विरघळतो, आणि फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपण नको त्या गोष्टीला हो म्हणून बसलो. मी आयुष्यभर वॉर्डात सिस्टर म्हणून काम केलं. गोड बोलणारे डॉक्टर पाहिले, त्यांच्याहून गोड बोलणारे नातेवाईक पाहिले, पण असा नमुना पाहिला नाही. त्याचं वाटोळं व्हावं असं मला अगदी मनापासून वाटायचं, आणि ते मी चारचौघांत बोलायचे. माझा मुलगा म्हणायचा, आई, सोडून दे. माझा मुलगा देवमाणूस आहे. म्हणजे भांडणात त्याचा काडीचा उपयोग नाही.

सून तशी नाही. तिच्या पोटात राग मुरतो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी तिच्या चहाला पांचट म्हणाले होते. त्यानंतर वर्षभर तिने मला इतका कडक चहा पाजला की घोट घेतला की डोळे मिटायचे, आणि वर साळसूदपणे विचारायची, आई, आज बरा झालाय ना? मी पण हट्टाने शेवटचा थेंब संपवायचे. तेव्हाच मी ओळखलं की हिचं आणि माझं जमणार.

ती एका विमा कंपनीत मेल सर्व्हर सांभाळायची. म्हणजे कंपनीत येणारी आणि जाणारी सगळी मेल ज्या यंत्रांवर राहते, ती यंत्रं तिच्या ताब्यात. लग्न ठरलं तेव्हा मी नातेवाइकांना सांगितलं होतं की मुलगी पाकिटं चिकटवते. पुढे तिच्या ऑफिसात एकदा गेले, तर काचेपलीकडे कपाटाएवढ्या यंत्रांच्या रांगा, थंडगार हवा, पायांखाली लाद्या उचलल्या की वायरींचं जंगल, आणि मधोमध स्वेटर घालून बसलेली आमची सूनबाई. तिथे ती घरातल्यापेक्षा उंच दिसली.

तिची एक खोड सांगायलाच हवी. एका जागेवरचं दुसऱ्या जागी उतरवायचं झालं की ती आधी थांबते आणि विचारते, कोणावरून कोणावर? स्वतः मोठ्याने वाचते, मग शेजारच्याला वाचायला लावते. त्याने वाचल्याशिवाय बटण दाबत नाही. माझ्या जुन्या फोनवरचे फोटो नव्या फोनवर घ्यायचे होते तेव्हा तिने मला चष्मा लावून समोर बसवलं आणि म्हणाली, दिशा वाचून दाखवा. मी वाचलं, जुन्यावरून नव्यावर. मला हसू आलं, तिला नाही. म्हणाली, आई, यंत्राला भरलेलं काय आणि रिकामं काय ते कळत नाही, त्याला फक्त दिशा कळते. उलटं दाबलं असतं तर नव्याचं रिकामपण जुन्यावर गेलं असतं आणि तुमच्या नातीचे फोटो कायमचे गेले असते.

हे सगळं तिने मखमललाही शिकवलं होतं. तो तिच्या हाताखाली लागला तेव्हा ताई, ताई करत तिच्या मागे फिरायचा. तिच्या डब्यातलं खायचा. आमच्या घरीही आला होता, माझ्या पाया पडला होता. मी त्याला वरून चहा-बिस्किटं दिली. आठवलं की अजून हात शिवशिवतो.

झालं असं, की मी जिन्यावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. सून रजा काढून माझ्या उशाशी बसली. ती नसताना मखमलने भलत्याच यंत्राची डिस्क काढली आणि अख्ख्या कंपनीची मेल बंद पडली. चूक कोणाकडूनही होते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण वरच्यांनी विचारल्यावर ह्या माणसाने काय सांगावं? मॅडम काम अर्धवट टाकून गेल्या होत्या, मला काहीच सांगितलं नव्हतं, त्यांच्या घरची अडचण मी समजू शकतो. समजू शकतो म्हणे. सून परत गेली तोवर तिच्या खुर्चीवर तो बसला होता आणि तिला हेल्पडेस्कवर टाकलं होतं. म्हणजे दिवसभर फोन उचला आणि लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून द्या. माझ्या एका हाडापायी तिची खुर्ची गेली. तिने मला कधी तसं बोलून दाखवलं नाही, म्हणून मला ते जास्त लागलं.

हेल्पडेस्कवर ती तोंडातून ब्र न काढता काम करत राहिली. पण घरी आली की सांगायची, आज कोणाचा फोन आला होता. सर्वांत जास्त फोन दावे विभागातल्या एका बाईंचे. निवृत्तीला आलेल्या, माउस दोन्ही हातांनी धरणाऱ्या. ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांची कागदपत्रं ह्या बाईंकडे मेलने येतात. मृत्यूचा दाखला, दवाखान्याचे कागद, वारसाचे फोटो. बाई एकेक मेल जपून ठेवतात आणि चुकून कुठे सरकली की रडकुंडीला येऊन सुनेला फोन करतात. एकदा म्हणाल्या, अगं, त्या पोरीने ते कागद एकदा गोळा केलेत, पुन्हा आण म्हणून कोणत्या तोंडाने सांगू? सून हे सांगताना हसत नव्हती.

मग कंपनीने ठरवलं की जुने मेल सर्व्हर काढून नवे आणायचे. नुसते नवे नाहीत, दोन ठिकाणी. एक संच इथे आणि एक दूरच्या शहरात, म्हणजे इथे आग लागली, पूर आला, तरी तिथून काम चालू राहील. ह्याला ते डिझास्टर रिकव्हरी म्हणतात. इथे लिहिलेली प्रत्येक गोष्ट त्याच क्षणी तिथेही लिहिली जाते, ते रेप्लिकेशन. काम मखमलकडे आलं आणि मखमलला घाम फुटला, कारण जुन्या यंत्रांचे सगळे आडवळणाचे रस्ते माहीत असलेलं एकच माणूस होतं आणि ते पासवर्ड बदलत बसलं होतं. त्याचा फोन आला. पुन्हा ताई. जरा आराखडा करून द्याल का, ताई?

मी म्हणाले, तोंडावर फोन आपट. ती म्हणाली, नाही आई, करणार. महिनाभर आमचं जेवणाचं टेबल तिने व्यापलं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. कोणतं यंत्र कधी, कोणाची मेल आधी, काय फसलं तर कुठे परतायचं, सगळं. मला समजावून सांगताना तिने दोन डबे घेतले, एक साखरेचा भरलेला, एक रिकामा. म्हणाली, रेप्लिकेशन म्हणजे आरसा. इथे साखर तर तिथे साखर. पण इथे मुंग्या लागल्या तर तिथेही लागतात, इथलं सांडलं तर तिथलंही सांडतं. म्हणून तिसरी प्रत हवी, आरशाबाहेरची, कपाटात बंद. आणि जुनी यंत्रं महिनाभर तशीच ठेवायची, हात लावायचा नाही. मी चाळीस रुग्णांचा वॉर्ड सांभाळलेली बाई, मला लगेच पटलं.

मखमलने आराखडा घेतला, पहिल्या पानावरचं तिचं नाव काढून आपलं घातलं, आणि दोन गोष्टींवर काट मारली. तिसरी प्रत नको, दोन ठिकाणी आहेच की. आणि जुनी यंत्रं महिनाभर ठेवायची नाहीत, ती खोली रिकामी करून हवी. कशाला, तर त्याच्या नव्या केबिनला. बैठकीत सुनेने विरोध केला. तो हसून म्हणाला, हेल्पडेस्कला सगळीकडे संकटंच दिसतात. सगळे हसले. जुन्या यंत्रांवरचं सगळं पुसून ती मोकळी करायचं हमाली काम त्याने तिच्याच गळ्यात मारलं.

त्या संध्याकाळी ती घरी आली, पर्स भिरकावली आणि म्हणाली, आई, आता मी एक शब्द बोलणार नाही. तो स्वतःच्या हाताने खड्ड्यात जाईल आणि मी काठावर उभी राहून बघेन. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी म्हणाले, शाब्बास, मला पण बोलाव बघायला.

बोलावलं तिने. सुट्टीच्या दिवशी दुपारी ते काम ठेवलं होतं, कारण सुट्टीला मेल कोणी बघत नाही. सगळे आपापल्या घरून स्क्रीनवर जोडलेले होते. मखमल, त्याचे दोन तंत्रज्ञ, आणि एका कोपऱ्यात आमची सून, फक्त बघायला. नातीला घेऊन मुलगा बाहेर गेला होता. मी टेबलापलीकडे वाटाणे सोलत बसले होते, पण डोळे तिकडेच.

तोपर्यंत सगळी मेल जुन्या यंत्रांवरून दूरच्या शहरातल्या नव्या यंत्रांवर नेऊन झाली होती. इथली नवी यंत्रं अजून कोरी होती. आता तिकडचं सगळं इकडे उतरवायचं आणि मग आरसा चालू. मखमल स्वतः बटण दाबणार होता, कारण मोठ्या बाईंना, म्हणजे कंपनीच्या मुख्य बाईंना, तसं सांगायचं होतं. त्याने स्क्रीन सगळ्यांना दाखवला. दोन चौकोन, मधे बाण.

सून ताठ झाली. मी पाहिलं तर बाण इकडून तिकडे होता. कोऱ्यावरून भरलेल्यावर. मला, वाटाणे सोलणाऱ्या बाईला दिसलं, तर तिला किती स्पष्ट दिसलं असेल. मी शेंग खाली ठेवली. माझं काळीज आनंदाने उड्या मारत होतं, खोटं कशाला बोलू? मी हळूच म्हणाले, गप्प बस, दाबू दे त्याला.

 तिने आपला आवाज चालू केला आणि म्हणाली, "सर, दाबायच्या आधी दिशा वाचून दाखवा."

"मॅडम," तो अगदी लाडाने म्हणाला, "तुम्हाला आज फक्त बघायला बोलावलंय ना?" आणि त्याने तिकडून तिचा आवाज बंद केला. ती बोलत होती, हात हलवत होती, कोणाला काही ऐकू जात नव्हतं. तिने फोन उचलून त्याचा नंबर लावला, त्याने कापला. तोवर त्याने दाबलं होतं.

यंत्रं शहाणी असती तर ओरडली असती. पण त्यांनी इमानेइतबारे काम केलं. कोरं ते भरलेल्यावर उतरलं, तिथलं सगळं गेलं, आणि शेवटी हिरव्या अक्षरांत आलं, काम यशस्वी. मखमलने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचे आभार मानले, स्क्रीन बंद केला, आणि लगेच सुनेच्या फोनवर त्याचा निरोप आला की झालं, आता जुनं पुसायला घ्या.

ती तशीच बसून राहिली. दोन्ही ठिकाणी काही उरलं नव्हतं. तिसरी प्रत नव्हतीच. सगळी मेल आता एकाच जागी होती, त्या जुन्या यंत्रांवर, आणि ती पुसायचा हुकूम तिच्या हातात होता. तिने जुन्या यंत्रांचा स्क्रीन उघडला. पुसायचं की नाही, एवढाच प्रश्न तिथे विचारलेला होता.

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी गेले. म्हणाले, पूस. हुकूम त्याचा, बोट फक्त तुझं. उद्या त्याला कळेल तेव्हा त्याच्याकडे काही म्हणजे काही नसेल. आयुष्यातून उठेल. तुझी खुर्ची घेतली ना त्याने? बस म्हणावं आता तिच्यावर. कोण तुला बोल लावणार आहे? पूस. मी परत परत तेच म्हणत होते, पूस, पूस, आणि माझा आवाज चढत होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिचा हात माउसवर होता. तिच्याही मनात होतंच. मी तिला ओळखते, इतकी वर्षं पोटात ठेवलेलं कुठे जाणार?

तेवढ्यात फोन वाजला. मखमल. तिने स्पीकर लावला.

आवाजातली मखमल पार उतरली होती. कुणीतरी मेल उघडून पाहिली असावी, आत काही नव्हतं. त्याने विचारलं, ताई, जुनं पुसलंत का? ती म्हणाली, अजून नाही.  मला वाटलं, आता रडेल, हाता-पाया पडेल. मी त्याची वाटच बघत होते, मांडी ठोकून.

तो म्हणाला, "मग पुसून टाका."

 तोच बोलत राहिला, परत मऊ होत. ताई, शांतपणे विचार करा. जुनं परत आणलं तर चौकशी होणार, गेलं कसं म्हणून विचारणार. त्यात तुमचं-माझं, सगळ्यांचंच वाईट होणार. आणि नाहीच राहिलं, तर यंत्राचा दोष. यंत्र बनवणाऱ्यांवर ढकलू. हुकूम माझा होता, तुमच्यावर काही येणार नाही. मी तुम्हाला परत आत घेतो, तुमच्या जागेवर, उद्याच. फक्त पुसून टाका.

 तिने माउस सोडला.

"दावे विभागातल्या बाई उद्या सकाळी फोन करतील," ती म्हणाली. "त्यांना मी काय सांगू, सर?"

त्याला दावे विभागातल्या बाई कोण तेच ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, कोण? तिने सांगितलं की ती आत्ताच मोठ्या बाईंना फोन करतेय, जे झालं ते जसंच्या तसं सांगतेय, आणि मग सगळ्यांची मेल परत आणायला बसतेय. मग तिने फोन ठेवला. माझी त्याला चार शब्द सुनवायची फार इच्छा होती, पण तेवढी संधी मिळाली नाही.

मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, परत येईल का? ती म्हणाली, येईल. मग ती कामाला लागली. जुन्या यंत्रांवरून पुन्हा सगळं नव्या यंत्रांवर. सुरुवात दावे विभागापासून. यावेळी शेजारी तंत्रज्ञ नव्हता, तर मला चष्मा लावायला लावलं. मी वाचलं, जुन्यावरून नव्यावर. मग तिने दाबलं. मधे मुलगा आणि नात आली, नातीने विचारलं, जेवायला काय आहे, मी म्हणाले, काही नाही, बाहेरून आणा.

पुढचं सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला चैन पडायचं नाही. चौकशी झाली. मखमलने यंत्राचा दोष सांगितला, तेव्हा दोन्ही तंत्रज्ञांनी सांगितलं की मॅडम बोलल्या होत्या आणि साहेबांनी त्यांचा आवाज बंद केला. एवढं पुरलं. खुर्ची सुनेला परत मिळाली, आणि ती केबिनची खोली तिसऱ्या प्रतीसाठी गेली. मखमल जायच्या दिवशी मी मुद्दाम टॅक्सी करून, काठी घेऊन तिच्या ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिले. सुनेला सांगितलंही नाही. मला त्याचं उतरलेलं तोंड पोटभर बघायचं होतं. तो खोकं घेऊन आला, मला पाहिलं, खोकं एका हातात घेतलं, दुसऱ्या हाताने माझ्यासाठी दार धरलं आणि म्हणाला, आई, पाय कसा आहे आता? मेल्याला शेवटपर्यंत लाज नाही.  काठी उगारायची होती, ते राहून गेलं.

पण मला बोचतंय ते हे नाही. त्या दुपारी यंत्रं आपलं काम करत होती, पट्टी हळूहळू भरत होती, आणि आम्ही दोघी नुसत्या बसलो होतो. माझा राग काही जात नव्हता. मी म्हणाले, तू पुसलं असतंस तर तो पुरता बुडाला असता. आता तो कुठेतरी पुन्हा नोकरी करेल, पुन्हा कुणाला तरी ताई म्हणेल. एवढी संधी हातची घालवलीस. का गं?

ती स्क्रीनकडेच बघत होती. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं, पण ती थकून बोलली.

"आई, माझा हात जवळजवळ गेलाच होता. तुम्ही कानाशी पूस, पूस म्हणत होतात, आणि मलाही तेच हवं होतं. मग फोन आला आणि तो तेच म्हणाला. त्याचा आवाज कुठला आणि तुमचा कुठला, मला क्षणभर कळेना."

मी वाटाण्यांचं ताट ओढलं आणि उरलेल्या शेंगा सोलायला घेतल्या.